कच्चा टाका

बस थांबली आणि मागचं दार उघडलं. लुसील पावलुकने कडेला साचलेल्या टणक बर्फावर एक पाय टेकला, दुसरा अजून पायरीवरच होता, आणि तेवढ्यात दार तिच्या कोटाच्या टोपीवर मिटलं. पुढचं सगळं दोन-तीन सेकंदांतच झालं असेल. ती खाली उतरली होती, टोपी वर राहिली होती. गळ्यापर्यंत चेन लावलेला जाड कोट मागून वर खेचला गेला, हनुवटीवरून, नाकावरून, डोळ्यांवरून. हात आपोआप वर गेले आणि बाह्यांतच अडकून राहिले. सगळीकडे अंधार. तोंडात अस्तर आलं, डांबरगोळ्यांचा वास आणि आपल्याच श्वासाची दमट ऊब. कोणीतरी तिच्या खांद्याला धरलं. आणि लुसीलने मारलं. कोणाला, कुठे, काही दिसत नव्हतं. बाहीत अडकलेली मूठ तिने जीव खाऊन पुढे हाणली, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. तिसरी मूठ कशावर तरी नीट बसली, मऊ आणि त्याखाली कठीण अशा कशावर तरी, आणि त्या बसण्यात एक समाधान होतं, हे तिला नंतर बराच वेळ आठवत राहिलं.

“अहो बाई! सोडवतोय मी तुम्हाला! मारताय काय?”

दार उघडलं. कोट खाली आला. समोर जेवणाचा डबा बगलेत धरलेला एक पन्नाशीचा माणूस छाती चोळत उभा होता. ड्रायव्हर पुढून ओरडून माफी मागत होता. बसमधली माणसं काचांना नाकं लावून बघत होती.

“लागलं का हो तुम्हाला?” लुसीलने विचारलं.

“छे, छे. पण हात चांगला आहे तुमचा. कुठे शिकलात?”

“घरीच,” ती म्हणाली. तो हसला, ती हसली नाही. बस गेली, तो माणूस गेला. पोर्टेज अव्हेन्यूवरचा वारा नेहमीसारखा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ धावत होता. दुसरी बस पकडायची होती. ती आली, थांबली, निघून गेली, तरी लुसील काचेच्या आडोशातल्या बाकावर तशीच बसून होती. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. दोन वाजता तिला नर्सिंग होममध्ये पोचायचं होतं आणि एका कागदावर सही करायची होती. तिने उजव्या हाताकडे पाहिलं. हातमोज्यातली मूठ अजून मिटलेलीच होती. ती उघडायला डाव्या हाताची मदत घ्यावी लागली. एकाहत्तर वर्षांत तिने कोणावर हात उगारला नव्हता. मुलगी मोनिक लहानपणी इतकी हट्टी होती, तिच्यावरसुद्धा नाही. घरात मारणारा एकच होता, आणि तोही फक्त बर्फावर.

मारलं कोणाला? सोडवायला आलेल्याला. हा विचार तिच्या मनात अगदी हळू आला, थंडीत बोटांना जाणीव येते तसा, आधी बधिर आणि मग ठणकत. अंधार झाला, हात अडकले, कोणीतरी धरलं, आणि आपण मारलं. नेस्टर हेच करत होता. नाताळापासून चार वेळा त्याने हेच केलं होतं.

नेस्टर तिचा नवरा. गेली दोन वर्षं तो असिनिबॉइन नदीजवळच्या नर्सिंग होममध्ये होता. आधी नावं गेली, मग रस्ते, मग चमचा कशासाठी असतो तेही. इतक्या दिवसांत त्याने तिथे कोणाला दुखवलं नव्हतं. उलट तिथल्या मुली म्हणायच्या, पावलुक आजोबांसारखं गरीब माणूस या मजल्यावर दुसरं नाही. आणि नाताळानंतर काय झालं कोण जाणे, त्याने आंघोळीच्या वेळी एका सेविकेला मारलं. मग दुसरीला. मग मुख्य परिचारिका जॅनिस स्वतः गेली तर तिचा चष्मा फुटला. गेल्या मंगळवारी सेविका रोवेनाच्या गालाचं हाड थोडक्यात वाचलं. रोवेना, जी त्याला लोलो म्हणायची. तिच्या मनिलात आजोबांना लोलो म्हणतात. जॅनिसने फोन केला होता. तिचा आवाज वाईट नव्हता, थकलेला होता. ब्रँडनला अशा रोग्यांसाठी कुलूपबंद विभाग आहे, तिथे शुक्रवारी एक खाट रिकामी होते आहे, कागद तयार ठेवते. ब्रँडन म्हणजे दोनशे किलोमीटर. लुसीलच्या डोळ्यांत मोतीबिंदू, हिवाळ्यात गाडी चालवणं तिने तीन वर्षांपूर्वीच सोडलेलं. रोज संध्याकाळी पाचला ती जायची, त्याला जेवू घालायची. तिचं नाव तो विसरला होता, पण तिने चमचा पुढे केला की तोंड उघडायचा. दुसऱ्या कोणाच्या चमच्याला उघडायचा नाही. ब्रँडनला तो चमचा कोण धरणार होतं?

आडोशाच्या काचेवर कोणीतरी बोटाने एक हृदय काढलं होतं आणि ते तसंच गोठलं होतं. लुसील त्यातून पलीकडे बघत राहिली. पलीकडे मात्र पोर्टेज अव्हेन्यू नव्हती. तिथे पोर्ट हॅरो होतं, सुपीरिअर सरोवराच्या काठचं कागद गिरणीचं गाव. सगळ्या गावाला उकडलेल्या कोबीसारखा गिरणीचा वास यायचा आणि पहिल्या महिन्यानंतर तो कोणालाच यायचा नाही. तिथे त्यांनी सहा हिवाळे काढले. नेस्टर आइस हॉकी खेळायचा; दुसऱ्या फळीचा संघ, चार हजार माणसांचं रिंक, लाकडी बाकं. खेळाडूंच्या बायकांसाठी सातवी रांग ठेवलेली असायची. लुसीलच्या पायाशी थर्मास, मांडीवर घोंगडी. बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र फिरून गेलं की ओल्या लोखंडासारखा एक वास उठायचा. इतर बायका आपापल्या नवऱ्याने गोल करावा म्हणून बोटं गुंफून बसायच्या. नेस्टरने सहा हिवाळ्यांत नऊ गोल केले. त्याला ठेवलं होतं ते त्यासाठी नव्हेच. संघात एक-दोन नाजूक, हुशार पोरं असत, लोणी कापावं तशी बर्फ कापत जाणारी. त्यांना कोणी काठीने ठोसलं, भिंतीवर चिरडलं, की ज्याने ते केलं त्याला जाब विचारायचं काम नेस्टरचं. तो संघाचा राखणदार होता. समोरच्या संघातही असाच एक राखणदार असायचा. लोक त्यांना गुंड म्हणायचे, आणि त्यांच्याच मारामारीला सगळ्यांत आधी उभे राहायचे.

त्या मारामारीला रीत होती. बाहेरच्यांना ती कधी दिसायची नाही. सातव्या रांगेतून लुसीलला दिसायची. आधी विचारायचं. चेहऱ्यासमोर येऊन, डोळ्यांत बघून. “जायचं का?” समोरच्याने मान हलवली की दोघांनी ग्लोव्ह्ज खाली टाकायचे. मान हलवली नाही तर नाही. त्या दिवशी त्याचा हात दुखत असेल, घरी कोणी आजारी असेल. मागून मारायचं नाही. पडलेल्याला मारायचं नाही. आणि मारामारीत एखाद्याची जर्सी डोक्यावरून ओढली गेली, तो आंधळा झाला, हात बाह्यांत अडकले, तर जरा चांगल्या घरचा माणूस थांबायचा. सगळेच चांगल्या घरचे नसत, म्हणून तो पट्टा. जर्सीच्या आत पाठीमागे, खालच्या काठाला एक रुंद पट्टा शिवायचा आणि तो पँटच्या पट्ट्याला अडकवायचा, म्हणजे कोणी कितीही ओढलं तरी जर्सी वर येत नाही. संघाचं सामान सांभाळणारा म्हातारा फर्गी तो पट्टा मासेमारीच्या दोऱ्याने शिवायचा आणि तो नेस्टरच्या कमरेला काचायचा. म्हणून नेस्टर जर्सी घरी आणायचा. लुसील शिवायची. दुहेरी टाका, मेण लावलेला दोरा, टोकाला उलट गाठ. मग तो जर्सी घालायचा, तिच्याकडे पाठ करून उभा राहायचा आणि दर वेळी तेच विचारायचा, “पक्का आहे ना, लू?” आणि ती पट्टा दोन्ही हातांनी ओढून बघायची आणि म्हणायची, “पक्का आहे.” त्याने स्वतः कधी ओढून पाहिला नाही.

काय काय आठवायचं. सामन्याच्या दिवशी समोर कोण उभा राहणार हे त्याला सकाळीच ठाऊक असायचं. दुपारी बाकीचे खेळाडू झोप काढायचे आणि हा स्वयंपाकघरातली शेगडी सुटी करून घासत बसायचा. चारही बर्नर, जाळ्या, खालचा ट्रे. लुसील म्हणायची, “आज टेट आहे वाटतं,” आणि तो मान वर न करता म्हणायचा, “टेटसाठी फक्त जाळ्या. आज तो डुलुथचा बैल आहे.” ऑर्विल टेट दुसऱ्या एका संघाचा राखणदार; तो आणि नेस्टर लहानपणी एकाच गावच्या तळ्यावर खेळलेले. मोठेपणी नऊ वेळा एकमेकांना बडवलं, आणि दर नाताळाला टेटकडून धुरावलेल्या माशाचं पुडकं यायचं, वर पेन्सिलीने लिहिलेलं, ‘दात असतील तर खा.’ सामना संपल्यावर नेस्टर गाडीत बसायचा, बर्फाने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात हात बुडवून. घरी आल्यावर ती त्याच्या शर्टाची बटणं काढायची. ती सुजलेली बोटं बटणाच्या भोकापर्यंत पोचायची नाहीत. “दहा डॉलरची नर्स ठेवायला हवी,” तो म्हणायचा. “पाच दे आणि गप्प उभा राहा,” ती म्हणायची. त्या शर्टांना स्टार्चचा वास यायचा आणि त्याखाली त्याचा, घाम आणि मलम आणि थंडी. चेहरा सुजलेला, एक डोळा मिटलेला, आणि मिटल्या डोळ्यानेही तो हसायचा. असं वाटायचं, बाहेर पडणारा तो सगळा बर्फ मुद्दाम या दोन खोल्यांना जगापासून तोडायला पडतोय. सुखच होतं ते. त्याला दुसरं नाव लुसीलला तेव्हाही सापडलं नव्हतं आणि आत्ताही, या काचेच्या डब्यात पाय बधिर करून बसल्यावरही, सापडत नव्हतं.

आणि मग १९७९चा फेब्रुवारी. आठवण इथे आली की नेहमी वळून जायची. आज वळली नाही. गिरणीला पन्नास वर्षं झाली म्हणून मालकांनी संघाला नव्या हिरव्या जर्स्या दिल्या होत्या, त्याच दिवशी घालायच्या. नेस्टर दुपारी बारा वाजता जर्सी घेऊन घरी आला. लुसीलला आठवा महिना होता. पाठ मोडत होती, पायांना सूज होती. मेणाचा दोरा संपला होता आणि दुकान तीन गल्ल्या पलीकडे, उणे अठ्ठावीस. तिने साधा दोरा घेतला आणि पट्टा कच्च्या टाक्यावर धरला. लांब लांब टाके, कपडा मापाला बघताना घालतात तसे. उद्या पक्का करू, आज कोण आहे समोर, कोणी नाही, नवखाच कोणीतरी आहे म्हणे. नेस्टर पाठ करून उभा राहिला. “पक्का आहे ना, लू?” तिने पट्ट्याला हात लावला. ओढला नाही. म्हणाली, “पक्का आहे.”

तो नवखा एकवीस वर्षांचा होता आणि त्याला नाव कमवायचं होतं. विचारायची रीत त्याने पाळली, एवढंच. तिसऱ्या की चौथ्या ओढीला हिरवी जर्सी वर आली आणि नेस्टरच्या डोक्यावर पिशवीसारखी बसली. हात वर, बाह्यांत. सातव्या रांगेतून लुसीलने मोजलं. मोजायचं नव्हतं, पण मोजलं गेलं. अकरा. शेवटचे चार-पाच ठोसे तर नेस्टर गुडघ्यांवर असताना. चार हजार माणसं उभी होती आणि त्या हिरव्या पिशवीतला माणूस हवेत मुठी मारत होता, सोडवायला आलेल्या पंचालासुद्धा. पंचाच्या ओठातून रक्त आलं. गाडीत नेस्टर एवढंच म्हणाला, “टाका सुटला वाटतं.” ती काही बोलली नाही. त्याने तो विषय पुन्हा कधीच काढला नाही. दुसऱ्या दिवशी तिने मेणाचा दोरा आणला, पट्टा तीन वेळा शिवला. पुढे तो आणखी चार वर्षं खेळला. चव्वेचाळीस वर्षं ती वाट बघत होती, की एखाद्या दिवशी जेवताना, गाडी चालवताना, तो विचारेल. त्याने विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. असं तिला वाटायचं. त्या रात्रीपासून त्याने डोक्यातून घालायचा कपडा घरात कधी घातला नाही, फक्त बटणांचे शर्ट. आणि ते तिने पाहिलं होतं, इस्त्रीही तीच करत होती, आणि ते पाहणं आणि ते समजणं यांच्यामध्ये तिने आयुष्यभर स्वतःला बसवून ठेवलं होतं.

नाताळाला मोनिकने कॅल्गरीहून सहा स्वेटशर्ट पाठवले होते, डोक्यातून घालायचे. बटणांपेक्षा त्या मुलींना सोपं पडेल म्हणून.

लुसील उठली. पुढची बस आली तेव्हा ती पुढच्या दाराने चढली.

जॅनिसच्या खोलीत हीटरचा आवाज येत होता. टेबलावर कागद होते, पेन होतं, आणि फोनमधून मोनिकचा आवाज. मोनिक शाळेत मुख्याध्यापिका होती आणि फोनवर नेहमी मधल्या सुट्टीत बोलावं तशी बोलायची.

“आई, तू थकली आहेस. मला माहिती आहे तुला ब्रँडन नको आहे. पण तिथे या गोष्टींची माहिती असलेले लोक आहेत.”

“मला आहे माहिती,” लुसील म्हणाली.

“कशाची?”

“तो का मारतो त्याची.” तिने जॅनिसकडे पाहिलं. “तुम्ही त्याचा शर्ट डोक्यावरून काढता ना? तेव्हाच मारतो ना? दुसऱ्या वेळी कधी मारलंय का?”

जॅनिसने रजिस्टर चाळलं नाही. तिला आठवत होतं. “आंघोळीलाच,” ती म्हणाली. “पण मिसेस पावलुक, पाण्याला घाबरणारे पुष्कळ असतात. आम्ही सगळं करून बघितलंय. गाणी, कोमट पाणी, दिवा कमी. माझ्या चार माणसांना लागलंय. उद्या पाचवी पडली तर मी काय सांगू, की बाईंना एक कल्पना सुचली होती?”

बरोबरच होतं तिचं. कल्पनेवर कोणी का विश्वास ठेवावा? लुसीलला वाटलं होतं, जर्सीचं सांगू, पट्ट्याचं सांगू, आपलं नाव यात कुठे येत नाही. पट्टा सुटला, असंही म्हणता येतं. पट्टे सुटतात. पण बोलायला लागल्यावर वाक्य त्या जागेपाशी आलं आणि थांबलं, पुढे जायला दुसरी वाट नव्हती.

“टाका कच्चा होता,” ती म्हणाली. “मी घातलेला. त्याने विचारलं पक्का आहे का, मी म्हटलं पक्का आहे.” मग तिने सगळं सांगितलं, मेणाचा दोरा, तीन गल्ल्या, अकरा. तिचा आवाज चढला नाही की फुटला नाही. “तो पाण्याला घाबरत नाही. त्याचं डोकं अजून त्या जर्सीत आहे. तुम्ही सोडवायला जाता, आणि तो मारतो. आज दुपारी मीही एकाला मारलं. बसच्या दारात. भला माणूस होता बिचारा.”

जॅनिसने पेन खाली ठेवलं.

“आठवा महिना म्हणजे,” मोनिक म्हणाली, “मी.”

“हो.”

“तू याबद्दल कधी बोलली नाहीस.”

“काय बोलायचं?”

मग मोनिकचा आवाज आला, आणि तो मुख्याध्यापिकेचा नव्हता. “ते स्वेटशर्ट मी पाठवले.”

“तू प्रेमाने पाठवलेस. त्याला राखाडी रंग शोभतो, मी तेव्हाच म्हटलं होतं.” लुसील फोनकडे वाकली, जसं काही त्यात पोरीचं डोकं होतं. “मोनिक, ऐक. त्यात तुझं काही नाही. तुला ठाऊकच नव्हतं.”

फोनमध्ये नाक ओढल्याचा आवाज आला. “बटणांचे शर्ट पाठवते. गळ्याचं माप काय?”

“साडेसतरा होतं. आता सोळा घे.”

जॅनिसने चष्मा काढून पुसला. नवीन चष्मा होता. “आज तीनला त्यांची आंघोळ आहे,” ती म्हणाली. “मी दारात उभी राहीन. एकदाच. काही वाकडं झालं तर सही आजच.”

आंघोळीच्या खोलीत वाफ होती. टब भरला होता. भिंतीशी प्लास्टिकचं लांब बाक होतं. रोवेना नेस्टरला हाताला धरून घेऊन आली. तिच्या गालावरचा डाग आता पिवळा पडत चालला होता. नेस्टर राखाडी स्वेटशर्टात होता, वाकलेला, तरीही दारापेक्षा मोठा. त्याने लुसीलकडे पाहिलं आणि मग टबाकडे पाहिलं, दोन्हींकडे सारखंच.

“मी काय करू, मिसेस पावलुक?” रोवेनाने विचारलं.

“त्याच्या समोर उभी राहा. बाजूला नाही, मागे तर नाहीच. हात उघडे ठेव, त्याला दिसू देत. डोळ्यांत बघ आणि विचार, जायचं का?”

“जायचं का? असं?” रोवेना हसायला लागली, भीतीने. “अहो, लोलो मला आडवी करतील. मागच्या खेपेला न विचारता एवढं दिलं!”

“न विचारता गेलीस म्हणूनच दिलं. विचारून आलेल्याला तो आधी उत्तर देतो. आणि काही झालं तरी शर्ट वर उचलायचा नाही. कात्रीने खालून समोर सरळ गळ्यापर्यंत काप, आणि कोट काढतात तसा खांद्यावरून मागे सोड.”

रोवेनाने पट्ट्या कापायची बोथट टोकाची कात्री हातात घेतली. ती समोर जाऊन उभी राहिली. तिचं डोकं त्याच्या छातीला लागत होतं. तिने मान उचलली.

“लोलो,” ती म्हणाली, “जायचं का?”

काही झालं नाही. नळातून एक थेंब पडला. मग नेस्टरची पाठ हळूहळू सरळ झाली. लुसीलने ती पाठ वीस वर्षांत तशी पाहिली नव्हती. त्याने रोवेनाकडे खाली पाहिलं, नीट, माणूस माणसाला बघतो तसं, आणि मान हलवली. दोन्ही मुठी छातीपुढे आल्या. दारात जॅनिस एक पाऊल पुढे सरकली. लुसीलने तिच्या दंडाला धरलं.

कात्री कापडातून चालत वर गेली. मुठी तिथेच होत्या, रोवेनाच्या केसांपासून वीतभर दूर, पण जागच्या जागी. नेस्टर तिचा चेहरा बघत होता. चेहरा दिसत होता, तोवर ठीक होतं. कापड गळ्यापाशी सुटलं, खांद्यांवरून मागे घसरलं. रोवेना त्याच्या एकेका मुठीवरून बाही काढायला लागली तर त्याने स्वतः हात सैल सोडले. मग त्याने आपला उजवा पंजा तिच्या डोक्यावर ठेवला, दोनदा थोपटलं.

“चांगली लढलीस, पोरी,” तो म्हणाला. तीन महिन्यांत तो इतकं सरळ वाक्य बोलला नव्हता.

रोवेनाच्या डोळ्यांत पाणी आलं. “पाणी गार होतंय, लोलो, चला,” ती म्हणाली. पण नेस्टर वळला होता. उघड्या अंगाने, पाय घासत, तो भिंतीशी असलेल्या बाकापर्यंत गेला, बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि समोर बघत राहिला.

“लोलो?”

“थांब,” लुसील म्हणाली. “पाच मिनिटं.”

“कसली पाच मिनिटं?”

“मारामारी केली ना. शिक्षा असते. जिंकला तरी, हरला तरी. बाहेर काचेच्या खोक्यात बाकावर जाऊन बसायचं, पाच मिनिटं.”

इतर खेळाडूंच्या बायकांना त्या पाच मिनिटांची लाज वाटायची. आपला माणूस शाळेतल्या पोरासारखा कोपऱ्यात बसवलेला. लुसीलला नाही वाटली. पोर्ट हॅरोच्या त्या सगळ्या संध्याकाळी तिने श्वास सोडला असेल तर तेवढीच पाच मिनिटं. खोक्याचं दार लागायचं आणि मग त्याला कोणी हात लावू शकत नसे. ती तेव्हाच थर्मास उघडायची, तेव्हाच सँडविच खायची. शेजारची बाई म्हणायची, “लू, तुझा नवरा शिक्षा भोगतोय आणि तू खातेस काय!” त्याच्या भुवईवरून रक्त गळत असायचं, खांद्यावर टॉवेल असायचा, आणि तो सुरक्षित असायचा, काचेआड, तिच्यापासून चाळीस पावलांवर. तिथे बायकांना जाता येत नसे. वरच्या घड्याळात आकडे उतरत जायचे आणि ती मनातल्या मनात त्यांना धरून ठेवायची.

जॅनिस दारातून म्हणाली, “शुक्रवारची खाट मी सोडते. तीन आठवडे बघू. स्वेटशर्ट सगळे बाद.” आणि मग थोडं थांबून, “बाकीच्या मुलींना ते विचारायचं कसं, ते तुम्हीच शिकवा.” ती गेली. रोवेना टबाशी वाकून गरम पाणी सोडायला लागली.

लुसीलने खुंटीवरचा टॉवेल घेतला, नेस्टरच्या खांद्यांवर टाकला, आणि त्याच्या शेजारी बाकावर बसली. तो थोडा सरकला, तिला जागा व्हावी इतका. त्याच्या अंगाची ऊब टॉवेलातून येत होती.

“किती राहिलं?” त्याने विचारलं.

त्या खोलीत घड्याळ नव्हतं.

“पुष्कळ आहे अजून,” लुसील म्हणाली.